अरबी समुद्राच्या गाळातला मान्सून: वाऱ्याचा पुरावा वेगळा, पावसाचा वेगळा

रेवाकाठ

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हापासून आपल्या बडोदेकर मंडळींत एक मजकूर सारखा फिरतोय. अरबी समुद्राच्या तळाशी सापडलेल्या सूक्ष्म कवचांवरून म्हणे सिद्ध झालंय की गेली चारशे वर्षं मान्सून वाढतोच आहे, तेव्हा हे पूर येणारच होते. मी याच कवचांवर काही वर्षं काम केलं आहे, म्हणून हा धागा काढते. त्या मजकुरामागचं संशोधन खरं आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ टिकत नाही. ती कवचं वाऱ्याबद्दल सांगतात. पावसाबद्दल विचारायचं असेल तर दुसरी जात घ्यावी लागते, ती दुसऱ्या जागी शोधावी लागते आणि वाचायचीही दुसऱ्याच पद्धतीनं.

आधी कवचं कोणाची ते सांगते. फोरॅमिनिफेरा, आमच्या बोलण्यात फोरॅम, हे समुद्रातले एकपेशीय जीव. बहुतेक जाती तळाच्या गाळात राहतात, मोजक्या वरच्या पाण्यात तरंगतात. स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटचं घर बांधतात आणि वाढतील तशा नव्या खोल्या जोडत जातात. तरंगणारं फोरॅम पूर्ण वाढलं तरी खसखशीच्या दाण्याहून लहानच. आयुष्य काही आठवड्यांचं. मेल्यावर कवच तळाशी जाऊन गाळात पुरलं जातं. खुल्या खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम दोन-चार सेंटिमीटर गाळ साचतो, किनाऱ्यालगत बराच जास्त. जहाजावरून लांब नळी तळात घुसवायची आणि थरांचा क्रम न मोडता तो गाळ वर काढायचा, हा झाला कोअर.

आता ओमान. जून ते सप्टेंबर सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला समांतर नैऋत्येचा जबरदस्त वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्राचं वरचं पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. त्याच्या जागी खालून थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही फोरॅमची जात एरवी थंड समुद्रांत मुबलक असते. उष्ण कटिबंधातल्या अरबी समुद्रात ती एवढ्या संख्येनं दिसते ती या वर आलेल्या पाण्याच्या जिवावर. वारा जोरात तर बुलॉइडिस जास्त, वारा मंद तर कमी.

हे प्रत्यक्ष तपासलेलं आहे. १९८६ पासून गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी मिळून अरबी समुद्रात खोलवर सापळे टांगले. वर रुंद तोंडाचं नरसाळं, खाली फिरत्या चकतीवर बाटल्या. ठरलेल्या दिवसांनी एक बाटली बंद होते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. मान्सूनच्या महिन्यांत वरून पडणाऱ्या कणांचा लोंढा वाढतो हे त्यातून उघड झालं आणि १९८९ साली प्रसिद्ध झालं. ओमानच्या बाजूच्या सापळ्यांत त्याच महिन्यांत बुलॉइडिसही भरभरून आलं.

या पायावर २००२ साली डेव्हिड अँडरसन, जोनाथन ओव्हरपेक आणि आपल्याकडचे अनिल गुप्ता यांनी ओमानजवळच्या गाळावरून मांडलं की गेल्या चार शतकांत नैऋत्य मान्सूनचे वारे जोर धरत गेले. पुढच्याच वर्षी याच तिघांनी ही नोंद गेल्या दहा हजार वर्षांवर नेली आणि दाखवलं की उत्तर अटलांटिक गारठला की इकडचा वारा मंदावतो. दोन्ही कामं मला फार महत्त्वाची वाटतात. पण मोजलं काय? बुलॉइडिसची टक्केवारी. ती बांधलेली आहे वर येणाऱ्या पाण्याशी, आणि ते पाणी वाऱ्याशी. बडोद्यात किती इंच पडला याची नोंद या साखळीत कुठेच नाही.

याहून पुढची गोष्ट ध्यानात घ्या. बुलॉइडिसला जे थंड पाणी मानवतं, तेच पाणी बाष्पीभवन कमी करतं. २००८ साली ताकेशी इझुमो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पश्चिम अरबी समुद्रात हे थंड पाणी कमी वर आलं तर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस उलट वाढतो. म्हणजे काही वर्षांच्या हिशेबात जास्त बुलॉइडिस आणि कमी पाऊस ही जोडीसुद्धा शक्य आहे. आणि मोजलेल्या पावसाचं म्हणाल, तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून १८७१ पासूनची देशभराची मालिका तयार केली आहे. तिच्यात दशकादशकांचे चढउतार आहेत, सलग चढ नाही.

पुराची कारणं शोधायची तर नदीपात्रातली बांधकामं, एका दिवसात कोसळणारा पाऊस, वरच्या धरणांतून सुटणारं पाणी हे सगळं बघावं लागेल. चारशे वर्षांच्या कवचांवर ते ढकलू नये.

दांडियाबझारकर

ताई, दोनदा वाचलं आणि वाचनखूण साठवली. इतकं सुटसुटीत मराठीत हे कोणी लिहीत नाही.

एक शंका. नर्मदा, तापी, मही, साबरमती सगळ्या खंभातच्या आखातात येतात. आपल्या पावसाचंच पाणी ते. मग तिथेच नळी घालून गाळ का काढत नाहीत? ओमान गाठायची गरज काय?

रेवाकाठ

काका, हा प्रश्न प्रत्येक गुजरातवाल्यानं विचारायला हवा.

आखातात दोन अडचणी आहेत. पहिली भरती-ओहोटीची. भावनगरकडे भरतीची उंची दहा मीटरच्या वर जाते. दिवसातून दोनदा एवढं पाणी आत-बाहेर होतं, तेव्हा तळाचा गाळ उचलला जातो, ढवळला जातो आणि भलत्याच ठिकाणी बसतो. मग खालचा थर जुना आणि वरचा नवा याची खात्री देता येत नाही, आणि ती खात्री नसेल तर कोअरमध्ये इतिहास उरतच नाही. शिवाय इतक्या गढूळ पाण्यात तरंगणारी फोरॅम फारशी राहत नाहीत.

दुसरी अडचण वयाची. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. आखात तेव्हा कोरडी जमीन होतं. आखाताबाहेरचा उथळ तळ अडीच-तीनशे किलोमीटर रुंद आहे, तोही उघडा पडलेला. नर्मदा या सगळ्यावरून वाहत पार पश्चिमेला समुद्राला मिळायची. तेव्हा आखातात त्या काळचा सागरी गाळ मिळणारच नाही.

म्हणून लोक उताराकडे सरकतात, जिथे पाणी काही शे मीटर खोल आहे. अरबी समुद्रात दोनशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथे किडे गाळ उकरत नाहीत. एरवी गाळाचे वरचे काही सेंटिमीटर प्राण्यांनी ढवळलेले असतात आणि शतकंच्या शतकं एकमेकांत मिसळतात. पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर तर इतके बारीक थर शाबूत आहेत की वर्षागणिक मोजता येतात.

मकरपुरा_रिग

तेलाच्या विहिरींवर उभी हयात गेली, म्हणून आमची बाजू सांगतो. आमच्या धंद्यात फोरॅम म्हणजे घड्याळ. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं तेव्हापासून खंभातच्या खोऱ्यात हजारो विहिरी खोदल्या गेल्या. आता कोणत्या थरात आलो, हे ठरवताना सूक्ष्मजीवाश्मवाल्यांचा शब्द लागायचाच.

पण आम्हाला अखंड कोअर क्वचित मिळायचा, खर्चच तेवढा. आमच्याकडे यायचे कटिंग्ज. बिट, म्हणजे खोदणारं टोक, खाली दगड फोडतो, विहिरीत फिरवलेला पातळ चिखल (मड) ते तुकडे वर आणतो, शेल शेकर या हलत्या चाळणीच्या जाळीवर ते अडकतात. ठरावीक मीटरला एक पिशवी भरायची, खोली लिहायची, धुऊन मायक्रोस्कोपखाली. यात एक खोट आहे. विहिरीच्या भिंतीतून वरच्या थराचे तुकडे खाली पडतात, त्याला आम्ही केव्हिंग म्हणतो. म्हणजे ३००० मीटरच्या पिशवीत २००० मीटरचं कवच सापडू शकतं. उलट कधी होत नाही, खालचं कवच खोदण्याआधी वर येत नाही. म्हणून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा दिसली की ती खोली आम्ही पक्की धरायचो. ती जात नामशेष झाली ती वेळ. ती शेवटची कुठे दिसली, याच्यावर कोणी पैज लावत नसे.

सांगायचा मुद्दा, कवच हातात आलं की पहिला प्रश्न: हे इथलंच की कुठून तरी आलेलं? ताईंच्या म्हणण्याशी हे जुळतं.

पण एका बाबतीत मला ताईंचं म्हणणं जरा ताणलेलं वाटतं. वारा आणि पाऊस इतके वेगळे काढता येतात का? थरच्या वाळवंटात दिडवाना, लुणकरणसर अशी सरोवरं एके काळी भरलेली होती हे तिथल्या गाळावरून सिद्ध आहे. तो काळ आणि ओमानच्या गाळात बुलॉइडिस जास्त असण्याचा काळ पुष्कळसा एकच आहे ना?

रेवाकाठ

काका, केव्हिंगचं इतकं स्पष्ट वर्णन मी अभ्यासक्रमाच्या पुस्तकातही वाचलेलं नाही. धन्यवाद.

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर काळाच्या मापात आहे. हजारो वर्षांच्या मापानं बघितलं तर वारा आणि पाऊस बरेचदा एकत्र चालतात. सुमारे दहा ते सहा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातलं ऊन आजच्यापेक्षा जास्त होतं, कारण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची वेळ तेव्हा उन्हाळ्याकडे होती. जमीन जास्त तापली, वारा वाढला, पाऊसही वाढला. ओमानच्या गुहांतल्या चुनखडीच्या थरांत तो पाऊस दिसतो आणि समुद्रात बुलॉइडिस. तिथे दोघांची साक्ष जुळते.

माप लहान झालं, शतकं-दशकं मोजायला लागलो, की ही जोडी सुटते. आणि फिरणारा मजकूर चारशे वर्षांबद्दल बोलतो आहे.

जोडी सुटल्याचं मोठं उदाहरण मात्र लाखो वर्षांच्या मापात आहे. १९९१ साली डिक क्रून आणि सहकाऱ्यांनी ओमानजवळच्या खोल खोदाईत दाखवलं की साधारण ८० लाख वर्षांपूर्वी बुलॉइडिस एकदम वाढलं. त्याच्या दोन वर्षं आधी जे क्वेड यांच्या गटानं हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीत कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) दाखवलं होतं की ७० लाख वर्षांच्या सुमारास तिथे झाडांची जागा गवतानं घेतली. दोन्ही एकत्र वाचून मांडलं गेलं की मान्सून तेव्हाच जोमात आला. पुढे पुरावे वाढले तसं दिसत गेलं की त्या काळात उपखंडाचा हा उत्तरेकडचा भाग कोरडा पडत चालला होता. समुद्रावर वारा चढा आणि जमिनीवर पाऊस उतरता. आता मालदीवजवळच्या आणि ओमानजवळच्या नोंदींवरून जोरदार वाऱ्यांची सुरुवात सुमारे १ कोटी २९ लाख वर्षांपर्यंत मागे नेली जाते. २०१५ साली जॉइडेस रेझोल्यूशन या समुद्रतळ खोदणाऱ्या संशोधन जहाजानं भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्याखाली आणखी सुमारे ११०० मीटर खोदलं. त्या मोहिमेचं नेतृत्व गोव्याचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट यांनी केलं. सिंधूनं वाहून आणलेल्या त्या गाळात जमिनीवरच्या हवामानाची थेट साक्ष मिळते, म्हणून मला तो ओमानच्या गाळाइतकाच मोलाचा वाटतो.

अलकापुरी

मी इंजिनियर, त्यामुळे प्रश्न कोरडा आहे. तुम्ही टक्केवारी मोजता. टक्केवारीत एक वाढला की दुसरा आपोआप कमी होतो. बुलॉइडिस वाढलं की बाकीचे विरघळले, हे कसं कळतं?

रेवाकाठ

अगदी नेमका प्रश्न. विरघळणं खरंच होतं. समुद्र जितका खोल तितकं पाणी चुन्याला जास्त खाणारं, आणि साधारण चार-पाच किलोमीटरखाली तर कवच उरतच नाही. सगळ्या जाती सारख्या विरघळत नाहीत. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर नाजूक, बुलॉइडिस त्यापेक्षा थोडं टिकाऊ. तेव्हा विरघळण्यानं बुलॉइडिसची टक्केवारी फुगू शकते.

त्यावर तीन तपासण्या करतात. फुटक्या कवचांचं प्रमाण मोजायचं. ते वाढलं तर विरघळण्याचा संशय घ्यायचा. टक्केवारीबरोबर एका ग्रॅम गाळात किती कवचं हेही मोजायचं. आणि कोअर निवडतानाच उथळ, म्हणजे विरघळण्याच्या पातळीच्या बराच वरचा घ्यायचा. ओमानजवळचा तो कोअर हजार मीटरहून कमी खोलीवरचा आहे, तिथे हा धोका खोल समुद्राच्या मानानं कमी.

वाडीतली

मी इथेच विद्यापीठात भूशास्त्रात एमएस्सी करते. मोजतात म्हणजे नक्की काय करतात ते लिहू का? कारण बाहेरच्यांना वाटतं मशीनमध्ये गाळ घातला की आकडा येतो.

कोअर मधोमध उभा चिरतात. एक भाग जपून ठेवायचा, दुसऱ्यातून एक-एक सेंटिमीटरचे काप घ्यायचे. काप वाळवून वजन करायचं, पाण्यात भिजत घालायचा आणि ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचा. चिखल निघून जातो, वाळू आणि कवचं राहतात. एक नमुना झाला की चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवतो. आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच जाळीत अडकलं असेल तर ते निळं होतं, आणि पुढच्या नमुन्यात निळं दिसलं की बाजूला काढायचं. मला ही युक्ती फार आवडते.

मग १५० मायक्रॉनच्या वरचे दाणे घेऊन, ते सारख्या भागांत विभागून, काळ्या तळाच्या ट्रेवर पसरायचे. तीनशेच्या आसपास कवचं मोजायची. ओल्या ब्रशच्या टोकानं एक-एक उचलून चौकटीच्या स्लाइडवर जातीप्रमाणे चिकटवायचं. बुलॉइडिसला शेवटच्या वेढ्यात चार फुगीर खोल्या आणि मध्ये मोठं कमानीसारखं तोंड. रुबरला तीन खोल्या, एक मुख्य तोंड आणि मागच्या बाजूला दोन छोटी. पहिल्यांदा सगळी सारखीच पांढरी दिसतात, पण डोळा बसला की लांबून ओळखू येतात.

ताई, एक विचारायचं होतं. गुलाबी रुबरबद्दल आमच्या सरांनी वर्गात सांगितलं. ते अरबी समुद्रात आता सापडत नाही ना?

रेवाकाठ

सुरेख लिहिलंस गं! तुझ्यासारख्या मुलींनी असे धागे चालवले पाहिजेत.

हो, बरोबर. रुबरचा गुलाबी प्रकार अटलांटिकमध्ये आजही आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरातून तो सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. म्हणून आपल्याकडच्या कोअरमध्ये खाली जाताना पहिलं गुलाबी कवच दिसलं की वयाचा पक्का टप्पा मिळतो. मकरपुऱ्याचे काका म्हणाले तोच नियम. दुसरा टप्पा सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेचा, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. ती राख बंगालच्या उपसागरात सापडते, अरबी समुद्रातल्या काही कोअरमध्येही.

आणि रुबर आलंच आहे तर पावसाची पद्धत सांगते, कारण पावसाची कवचं हीच.

रुबर वरच्या उबदार पाण्यात राहतं. त्याच्या कवचातल्या ऑक्सिजनची हलकी आणि जड समस्थानिकं मोजतात. नदीच्या पाण्यात हलका ऑक्सिजन जास्त, म्हणून नदीच्या मुखासमोर जास्त पाणी आलं की कवचातला ऑक्सिजनही हलका होतो. पण त्याच आकड्यावर तापमानाचाही हक्क आहे: एक अंश गार झालं तर दर हजारी साधारण ०.२ भागानं जड. आणि जगभरच्या बर्फाचाही. बर्फात हलका ऑक्सिजन अडकतो, त्यामुळे हिमयुगात सगळा समुद्रच दर हजारी सुमारे १ भागानं जड झाला होता.

ही गुंतागुंत आधीच्या पिढीनं पुरती अनुभवली आहे. १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी कवचांच्या ऑक्सिजनवरून हिमयुगांतलं समुद्राचं तापमान मांडलं. १९६७ साली निकोलस शॅकल्टन यांनी विचारलं की तळावर राहणाऱ्या फोरॅममध्येही जवळजवळ तेवढाच बदल का दिसतो? तळाचं पाणी आधीच गोठणबिंदूच्या जवळ, ते आणखी किती गार होणार? म्हणजे बदलाचा मोठा भाग बर्फाचा होता. आकडे तेच राहिले, अर्थ पालटला. वारा आणि पावसाच्या बाबतीत आपण आज तशाच ठिकाणी उभे आहोत असं मला वाटतं.

तापमान वेगळं काढायला त्याच कवचातलं मॅग्नेशियम मोजतात. पाणी एक अंशानं तापलं की मॅग्नेशियमचं कॅल्शियमशी प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. हे प्रमाण नीट बसवणाऱ्या २००३ च्या कामात पहिलं नाव पल्लवी आनंद यांचं आहे. तापमान वजा, बर्फ वजा, मग जे उरतं त्यातून पाणी किती खारट होतं याचा अंदाज आणि त्यातून नदीचा. प्रत्येक वजाबाकीत थोडी चूक शिरते, म्हणून पावसाच्या नोंदी वाऱ्याच्या नोंदींपेक्षा धूसर असतात. त्या तशाच धूसर मांडाव्यात, हे माझं ठाम मत.

दांडियाबझारकर

मग हडप्पा? पाऊस कमी झाला आणि हडप्पा संस्कृती संपली, तेही समुद्राच्या गाळावरूनच कळलं ना? आणि लोथलच्या गोदीतही तुमची फोरॅम सापडली असं वाचल्याचं आठवतं.

रेवाकाठ

दोन्ही आठवणी बरोबर.

२००३ साली मायकेल श्टाउबवासर आणि सहकाऱ्यांनी सिंधूच्या मुखासमोरच्या, कराचीजवळच्या कोअरमधल्या रुबरवरून मांडलं की ४२०० वर्षांपूर्वी सिंधूचं पाणी घटलं. हे पावसाच्या पद्धतीचं काम आहे, म्हणून प्रश्नाला धरून आहे. पण सिंधूत मान्सूनबरोबर हिवाळ्यातल्या पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाचं आणि हिमालयातल्या बर्फाचंही पाणी असतं. त्यातलं नेमकं काय घटलं हे रुबर एकटं सांगू शकत नाही.

काळाचंही बघा. हडप्पाची मोठी शहरं इसवी सनपूर्व १९०० च्या सुमारास, म्हणजे ३९०० वर्षांपूर्वी ओस पडत गेली. मधलं अंतर तीनशे वर्षांचं. कवचाचं रेडिओकार्बन वय काढताना समुद्राचा जुना कार्बन वजा करावा लागतो, त्याची जागतिक सरासरीच ४०० वर्षांच्या आसपास आहे. अरबी समुद्रात तर खालचं पाणी वर येतं, त्यामुळे ती आणखी जास्त. ज्या दुरुस्तीचा आकार अंतरापेक्षा मोठा, तिच्यावर कारण आणि परिणाम जोडताना हात राखून बोलावं. शिवाय आपल्या सौराष्ट्रात रोजडीसारखं गाव त्या काळानंतरही नांदत होतं, उलट वाढलं. गुजरातची गोष्ट सिंधूच्या गोष्टीत मिसळून टाकणं मला पटत नाही.

लोथलबद्दल. एस. आर. राव यांनी १९५५ पासून तिथे उत्खनन केलं आणि साधारण २१५ मीटर लांब, ३६ मीटर रुंद विटांचा हौद सापडला. ते म्हणाले गोदी. लॉरेन्स लेशनिक यांनी १९६८ साली म्हटलं, हा सिंचनाचा तलाव. १९८८ साली गोव्याचे राजीव निगम यांनी तिथल्या गाळात फोरॅम शोधली आणि ती मिळाली. गोड्या पाण्याच्या तलावात ती असायचं कारण नाही, तेव्हा भरतीचं पाणी आत येत होतं या बाजूला पारडं झुकलं. केवढा जुना वाद आणि केवढ्याशा कवचांनी त्यात बोलावं! मला हे काम फार प्रिय आहे.

मकरपुरा_रिग

काळाच्या मापाचा मुद्दा पटला. तेवढं मूळ लेखात घाला, पुष्कळांचा गोंधळ थांबेल.

अलकापुरी

वजाबाकीतली चूक किती असते हे कोणी सांगत नाही, तुम्ही सांगितलंत. गटात तो मजकूर पुन्हा आला की या धाग्याचा दुवा देणार.

नातवाला दाखवायचं आहे. घरी फोरॅम बघता येईल का?

वाडीतली

येईल, काका. खुल्या समुद्राच्या जाती मिळणार नाहीत, पण किनाऱ्यावरच्या भरपूर. दीव, सोमनाथ, कच्छचं मांडवी, कुठेही जाल तेव्हा भरतीच्या रेषेजवळची वरची पांढरट वाळू मूठभर आणा. खंभातच्या बाजूचा चिखल नको. वाळू साध्या पाण्यानं तीन-चार वेळा धुवा आणि सावलीत वाळवा. व्हिनेगर किंवा लिंबू चुकूनही लावू नका, कवचं विरघळून जातील. काळ्या कागदावर चिमूटभर पसरा. वीसपट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, शाळेचा मायक्रोस्कोप असेल तर कमी शक्तीवर ठेवून प्रकाश वरून पाडा, खालून नको. वेटोळी, खोल्याखोल्यांची दिसतात ती फोरॅम. मिळाली की फोटो इथे टाका, ताई आणि मी जात ओळखायचा प्रयत्न करू.

रेवाकाठ

आणि दीव-पोरबंदरकडे जाणारच असाल तर तिथल्या जुन्या घरांचा पिवळसर दगडही भिंगातून बघा. सौराष्ट्रातला तो मिलिओलाइट चुनखडक, त्याच्या दाण्यांत मिलिओलिड गटातल्या फोरॅमची कवचं असतात. ताजा तुटलेला कोपरा सापडला तर तिथे जास्त स्पष्ट दिसतील. वाळूच्या पुडीवर जागा आणि तारीख लिहून ठेवायला नातवालाच सांगा.